घुमटातला चुना

सोफिया, १८ एप्रिल १९९४

ती. गिनका आत्या हिस,
ज्लातीनाचा शि. सा. नमस्कार.

विनंती विशेष काही नाही, आज भांडायलाच बसले आहे. आपल्या शेतातल्या टेकाडात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थ्रेसियन राजाची समाधी निघते काय, आत घुमटाला घोड्यांची चित्रं निघतात काय, आणि त्यांच्यावर तू चुना फासलेला असतोस! तोही तीन हात! ईस्टरला कुंपण झालं, झाडांचे बुंधे झाले, तेवढ्यानं तुझं भागलं नाही? इतकी कशी गं तू अडाणी?

आणि चित्रातल्या राणीचा चेहरा? तिथे छिन्नीनं पाडलेलं चौकोनी भोक आहे, मुकुटाची कड तेवढी उरलीय. आमच्या उत्खननाच्या साहेबांनी विचारलं तर तू म्हणे, आत ठेवलेल्या वाइनच्या पिंपांना ओल लागत होती! सगळ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समाधी कुणी फोडली याचा अहवाल मलाच लिहायचाय. त्यात तुझं नाव घातलंय. पुढच्या शुक्रवारी तो पोलिसांकडे जाईल. काही सांगायचं असेल तर त्याआधी कळव.

तुझी (अजून तरी),
ज्लातीना


वर्बेन, २२ एप्रिल

चि. ज्लातीना हिस,
आशीर्वाद आहेतच, पण समोर असतीस तर आधी कान उपटले असते.

शहाणे, चुना मी फासला. हो, मीच! भोक तुझ्या बापानं पाडलं. विद्यापीठात तुझा प्रवेश अडला होता ना? प्रवेश ज्याच्या हातात होता, त्याला जुन्या वस्तूंचा शौक होता. माझा सख्खा भाऊ छिन्नी घेऊन आला. मी दारात आडवी उभी राहिले तर मला ढकलून आत गेला. राणीला गोधडीत गुंडाळून नेलं आणि जाताना म्हणाला, पुढच्या खेपेला घोडे.

त्याच दिवशी मी चुना कालवला. घोडे कुठे आहेत ते मेल्याला दिसायलाच नकोत! दोनदा येऊन भिंती ठोकून गेला, मला शिव्या घालून गेला. मी तोंड उघडलं असतं तर तुझं शिक्षण सुटलं असतं, म्हणून आठ वर्षं गप्प बसले. आता चुना नीट खरवड आणि मोज. अकराच्या अकरा घोडे आहेत.

माझं नाव राहू दे अहवालात. या वयात मला कसली भीती? पण पुन्हा अडाणी म्हणालीस तर याद राख.

रागावलेली,
गिनका आत्या


सोफिया, २७ एप्रिल

ती. आत्या,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

बाबांना जाऊन विचारलं. नाही म्हणाले नाहीत. शांतपणे सूप पीत म्हणाले, राहू दे गिनकाचंच नाव, म्हाताऱ्या बाईला कोण तुरुंगात टाकतंय! आत्या, मी त्यांच्यापुढचा वाडगा उचलून भिंतीवर फेकला. जन्मात बापापुढे आवाज चढवला नव्हता, परवा अख्ख्या इमारतीनं ऐकला.

अहवाल नव्यानं लिहिलाय. फोडणारा म्हणून बाबांचं नाव, घेणाऱ्याचं नाव, आणि ती राणी कुणाच्या प्रवेशासाठी गेली, तिथे माझं. चुना कुणी आणि का लावला, तेही. आज सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि मला माझं टेबल रिकामं करायला सांगितलं; नोकरी गेली.

उद्याच्या गाडीनं येतेय. घोड्यांना आता मला हात लावू देणार नाहीत. पोलीस येतील तेव्हा तुझ्या शेजारी दारात उभी राहीन.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही, तरी असू दे.

तुझी,
ज्लातीना