मी नुसता रांगेत उभा होतो

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी रिवाज म्हणून लिहिलेला नाही. मंगळवारी माझी आठही अंगं खरोखर जमिनीला टेकली. ते क्रमाने येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून खोकतात आणि वर "मी कुठे खोकलो" असं विचारतात? भाचीला नव्या नोकरीत डबा खायला तरी वेळ मिळतो ना? मी बरा आहे. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा ठणठणीत आहे, आणि पत्र उजव्यानेच लिहायचं असतं, त्यामुळे तक्रार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि या प्रकरणात जो घात झाला तो अर्धवट वाक्यांनीच झाला, म्हणून म्हटलं कागदावर सविस्तर लिहावं. मुद्दा असा की मला शब्दकोड्याच्या गटातून काढून टाकलं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच काढलेला गट. (काढलेला म्हणजे सुरू केलेला. शब्द हे असे असतात बघ.) कोणी काढलं वगैरेत मी आत्ता शिरत नाही, ते गौण आहे. पण सकाळी सातला पेपर येतो, मी चहा घेऊन कोडं उघडतो, दोन-तीन शब्द पटापट सुचतात आणि सांगायला कोणी नसतं. दुकानात दिवसभरात तीन माणसं येतात, त्यातला एक पत्ता विचारायला. गटातल्या दहा जणांपैकी तू सोडून एकालाही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तरी त्यांच्याशिवाय मला करमत नाही, हे या वयात कबूल करायला हरकत नसावी. तीन दिवस कोडं एकटाच सोडवतोय. सुटतं, पण सुटून उपयोग काय?

तू गटात असलीस तरी रोज सकाळी एक फूल टाकतेस आणि गप्प बसतेस, तेव्हा तुला माणसं लक्षात नसतील. पुन्हा सांगतो. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर, पेशंट तोंड उघडून बसलेला असतानाही उत्तरं पाठवतात. केकवाली घरी केक करते आणि कोड्यात अडली की साखरेचं प्रमाण चुकतं म्हणते. वकीलसाहेब हे वकीलसाहेब. खोडरबर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर, ते कोडं पेनाने भरतात म्हणून त्यांचं नाव खोडरबर. मी पुस्तकं बांधतो म्हणून माझं नाव पुठ्ठे. ("पुठ्ठा" होतं, पुढे वयाचा मान राखून अनेकवचन झालं.) बाकीचे पाच जण नुसते अंगठे दाखवतात.

मागच्या निवडणुकीत दातवाले आणि केकवाली यांचं असं काही वाजलं की चार महिने दोघं एकमेकांची उत्तरं बरोबर असली तरी चूक म्हणत होते. तेव्हा मी नियम केला: गटात राजकारण काढायचं नाही, जो काढेल त्याला काढू. मला तो नियम फार आवडला होता. शब्द एकच, दोन्हीकडे बसलाय, म्हणून मी स्वतःवर खूश होऊन तो तीनदा पाठवला. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर निदान तो सुबक तरी असावा, एवढंच समाधान.

मंगळवारी मतदानाची सगळ्यांना सुट्टी, त्यामुळे सहापासूनच गट जागा. खोडरबरांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला. हे राजकारण आहे का, असा प्रश्न वकीलसाहेबांनी विचारला. मी विचार करून निकाल दिला की बोट हे राजकारण नाही, अवयव आहे. मग केकवालीने विचारलं की हे बोट पिठात गेलं तर केकला रंग येईल का, दातवाल्यांनी हातमोजे घाला म्हटलं, ती म्हणाली हातमोज्यांनी पिठाचा अंदाज येत नाही, त्यावर खोडरबर म्हणाले की मग त्या बोटाने नुसतं दाखवत जा आणि पीठ नवऱ्याला मळू दे. अशी आमची शुद्ध, निरुपद्रवी बडबड चालली होती. आता या दिवशी कोडं करणाऱ्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने सात आडवा असा दिला: "पुढे वार जोडला की निवडणुकीला उभी राहते, तीन अक्षरी." उत्तर उमेद, हे तुला सांगायला नको. पण नियमाच्या धाकाने उत्तर लिहायला कोणी तयार होईना, आणि दोन तास दहा माणसांच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं: निवडणुकीला कोण उभं राहतं. पुढचं सगळं इथून सुरू झालं असं माझं मत आहे. (मत म्हणजे विचार.)

मी तोवर मतदानाला गेलो होतो. शाळेची इमारत, लांबलचक व्हरांडा, भिंतीशी एक हिरवं कपाट आणि आत पहिलीच्या मुलांचे बाक, ज्यांवर अधिकारी लोक गुडघे छातीशी घेऊन बसले होते. रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. केकवालीने गटात विचारलं, पुठ्ठे कुठे आहेत, आज गप्प का. फोनची बॅटरी नऊ टक्के होती, म्हणून मी थोडक्यात कळवलं: "मी उभा आहे." आणि फोन खिशात टाकला. आक्का, तू सांग, रांगेत माणूस दुसरं काय करतो?

अर्ध्या तासाने फोन काढला तर सत्तावन्न संदेश. बॅटरी खाणार म्हणून मी ते वाचले नाहीत, फक्त शेवटचे प्रश्न पाहिले. ही माझी चूक, मान्य. दातवाल्यांनी विचारलं होतं, निशाणी काय. ते आमच्याच भागात राहतात असं एकदा म्हणाले होते, तेव्हा मला वाटलं शोधत येत असतील, म्हणून कळवलं, "हिरवं कपाट." मागे कोण आहे, असं केकवालीने विचारलं. मी वळून पाहिलं आणि खरं ते लिहिलं, "शंभरेक माणसं, थेट दारापर्यंत." समोर कोण आहे, असं वकीलसाहेबांनी विचारलं. माझ्या समोर काठी टेकत एक आजीबाई उभ्या होत्या, त्यांचे पाय थरथरत होते, म्हणून मी अधिकाऱ्यांकडून खुर्ची मागून आणली होती. तेही लिहिलं: "एक आजीबाई होत्या. त्यांना खुर्ची देऊन बसवलं." आता यातला एक शब्द खोटा असेल तर मी आयुष्यात पुन्हा कोडं सोडवणार नाही.

माझं मत देऊन झालं. आजीबाईंना त्यांचा नातू घेऊन गेला, खुर्ची तशीच राहिली. वस्तू जिथली तिथे ठेवावी ही आपल्या आईची शिकवण, म्हणून मी ती उचलून ऑफिसकडे निघालो. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या. मी, खुर्ची आणि फोन असे तिघे निरनिराळ्या पायऱ्यांवर पोचलो. खुर्चीला काही झालं नाही. फोनच्या काचेचा चुरा झाला, पण तो चालू होता, तेव्हा दवाखान्याच्या रिक्षात बसून मी एका बोटाने गटात कळवलं, "खुर्चीच्या नादात पडलो." जोडीला हेही लिहिलं की जोरात आपटलो. थोड्या वेळाने दातवाल्यांनी विचारलं, डिपॉझिट वाचलं का. मी म्हटलं हा खरा डॉक्टर, याला दवाखान्याची रीत माहीत. उत्तर दिलं, "भरावंच लागलं नाही, ओळख निघाली." त्यानंतर फोनने प्राण सोडला.

बुधवारी मोबाइलच्या दुकानदाराने फोनला नवी काच बसवली तेव्हा मी सगळं पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या हिशेबाने मी गुपचूप अपक्ष उभा राहिलो होतो, कपाट निशाणी घेऊन. शंभर माणसं पाठीशी घेऊन, एका म्हाताऱ्या उमेदवार बाईंना पदाचं आमिष दाखवून मी बसवलं होतं. अनामत रक्कम न भरता, ओळखीवर. आणि एवढं करून पडलो होतो. मतदान संपायला पाच तास बाकी, मोजणी शनिवारी, आणि मी मंगळवारी दुपारीच कसा पडलो हे त्या दहा हुशार माणसांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. रोज एकेका शब्दाचे चार-चार अर्थ शोधणारी ही माणसं. खोडरबरांनी हार-जीत चालायचीच असं लिहिलं. केकवाली म्हणाली, निदान तुम्ही खुर्चीचा मोह कबूल केलात, एवढा प्रांजळ नेता तिने पाहिला नव्हता. लागलं का, असं मात्र एकानेही विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. हात तेव्हा फार दुखत होता.

वकीलसाहेबांनी मग माझाच नियम मला लावला. गटात राजकारण काढायचं नाही, आणि याने तर राजकारण केलंय. त्यांनी रीतसर मतदान लावलं: पुठ्ठे यांना काढावे काय, होय किंवा नाही. मला बाजू मांडायला वीस मिनिटं दिली होती. त्या वीस मिनिटांत माझ्या हातावर ओलं प्लास्टर चढत होतं. चार होय, चार नाही, एक जण झोपला होता, आणि मग शेवटचं एक मत पडलं. म्हणजे पाहा, मी ज्या निवडणुकीत उभा नव्हतो तिच्यात पडल्याबद्दल मला दुसऱ्या निवडणुकीत उभं केलं आणि तिच्यात मी खरोखर पडलो.

असो. माझा कोणावर राग नाही. चालायचंच. गुडघ्यांना गरम पाण्याने शेक, जिने टाळ. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – सहज आठवलं म्हणून लिहितो. गटात माणूस घेण्या-काढण्याचा अधिकार दोघांनाच आहे: मला, आणि माझं काही बरंवाईट झालं तर कोणीतरी असावं म्हणून तुला. आता मला तो उरलेला नाही. तेव्हा सवडीने, फूल टाकून झालं की, माझ्या नावावर बोट ठेवून मला परत घे. भाची दाखवेल कुठे दाबायचं ते. एवढ्यासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस.

ता. क. दुसरा – एवढ्यासाठीच लिहिलं. आणि आक्का, कोणी कोणाला काढलं याची एक ओळ गटात उमटते, तिच्यात काढणाऱ्याचं नाव असतं. शेवटचं मत कोणाचं होतं तेही दिसतं. त्याच्याआधी तू गटात चार वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून लिहिलंस, "सख्ख्या बहिणीला न सांगता उभा राहिला. काढा." ते मी बुधवारी दुकानदाराच्या काउंटरवर वाचलं आणि चष्मा पुसला. तुला राग आला तो बरोबरच होता, फक्त घडलं काहीच नव्हतं. मी शर्ट घेतला तरी तुला रंग कळवतो, निवडणुकीला तुला न विचारता उभा राहीन होय?

ता. क. तिसरा, शनिवारी सकाळी – पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. भाचीने उमेदवारांची यादी तपासून माझं नाव त्यात नाही असं तुला दाखवलं म्हणे, आणि तू मला आज सातला परत घेतलंस. एक शब्द न बोलता, नुसतं फूल टाकून. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच एवढंच लिहिलं, "आलो." आज निकालाचा दिवस आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आतापर्यंत एकतीस अभिनंदनं आली आहेत, केकवाली कपाटाच्या आकाराचा केक करते आहे, आणि वकीलसाहेबांनी पुन्हा मतदान लावलं आहे. चार होय, चार नाही. तुझं मत अजून पडलेलं नाही. हे पत्र पोचेपर्यंत उशीर होईल, म्हणून मी आत्ता तुला फोन करतोय. आक्का, कृपा करून माझं वाक्य पुरं होऊ दे.