चहाची गाळणी

रविवार, संध्याकाळ

टर्बाइन गेलं, माझ्या मॉडेल जेटचं इंजिन. मोटरसायकल विकून घेतलेलं, तेही सेकंडहँड. दुसरं आता जन्मात जमणार नाही.

ओहोटीच्या वेळी भुईगावची वाळू रस्त्यासारखी कडक होते, म्हणून मॉडेल जेट तिथेच उडवायचं ठरलं. वाळू इंजिनात जाऊ नये म्हणून जाळी हवी होती. विकतची परवडेना, तर मी घरातली चहाची गाळणी कापून इंजिनाच्या तोंडाशी बसवली. केवढा खूश होतो स्वतःवर.

विमान धावलं, चाकांनी वाळू सोडली आणि शिट्टीसारखा आवाज एकदम खरखरला. ते नाकावर आपटलं. तिथलाच माझा मित्र नेल्सन आत डोकावून म्हणाला, "वाळूचा कणपण नाय रे. तुझी गाळणीच गिळली त्याने."

गाळणी लावलीच नसती तर? तेच डोक्यात फिरतंय. दोन वर्षं विमानाच्या सांगाड्यासाठी फोम कापत बसलो, ते यासाठी?

बायकोने, मेधाने, मघाशी चहा फडक्याने गाळला. म्हणाली, "राहू दे गाळणी तुझ्या विमानाला. उडालं ना पण?"

मी हो म्हटलं. चाकांनी वाळू सोडली होती, एवढं तर खरं.