फोडायला पाठवलेला पोरगा

प्रिय धाकट्या,

केसाने गळा कापतात हे ऐकून होते, पण कापता कापता टाळ्याही घेता येतात हे तुझ्या सत्काराला बघितलं. मला पहिल्या रांगेत बसवलंस. दुकानातलं शिवणकाम टाकून आले होते मी, भावाचं कौतुक ऐकायला. जुने चिनी सेनापती काय सांगून गेले आणि त्यातून आजचे अधिकारी कसे घडवायचे, हे तू माइकवर सांगत होतास आणि मी काही कळो न कळो, मान डोलवत होते. मग हेरांचे प्रकार निघाले. म्हणालास, एक हेर असा, की त्याला आपणच खोटी बातमी खरी म्हणून द्यायची आणि शत्रूच्या हाती लागू द्यायचं. तो हाल सोसेनासा झाला की बोलतो, शत्रू फसतो, आणि आपण फसवायलाच पाठवले गेलो हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. वर दाखला दिलास, की शेवटच्या सरावात आम्ही बंद अंधाऱ्या खोलीला घाबरणारा कॅडेट मुद्दाम निवडला. सगळे हसले. शेजारचे साहेब मला म्हणाले, तुमचा भाऊ भलताच बेरकी आहे हो! तो कॅडेट माझ्या पोटचा आहे, हे त्यांना कुठे ठाऊक!

अंधाराचं तुला कोणी सांगितलं, आठवतं का? मीच. तुझ्या लष्करी अकादमीत पोराचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा फोन केला होतास. सगळ्याच पोरांच्या घरी करतोस म्हणे, घरच्यासारखा. ताई, तो कशाने खूश होतो, कशाला घाबरतो, सगळं सांग, म्हणजे मला सांभाळता येईल. सांभाळता! मी आपली भोळी, हातातली कात्री खाली ठेवून सांगत बसले. शाळेत पोरांनी त्याला कपाटात कोंडलं होतं, तेव्हापासून मोठा घोडा झाला तरी दिवा लावून झोपतो, हेही सांगितलं, आणि आपण दोघं हसलो. चिन्यांच्यात घरच्या माणसाला हेर करायचाही प्रकार असेलच की. तो तू भाषणात गाळलास, मी समोर बसले होते म्हणून.

सरावात पोरगा पकडला गेला, त्याला खोलीत कोंडलं, आणि तू विश्वासाने सांगितलेली वाट त्याने शेवटी ओकली. समोरची तुकडी त्या वाटेवर धावली, तुझी तुकडी दुसरीकडून आली आणि जिंकली. छान. मग बोर्ड बसलं. दडपणाखाली टिकत नाही, अधिकारी व्हायला लायक नाही, असं म्हणून त्याला घरी धाडलं. त्या बोर्डावर तूही होतास ना रे? एक वाक्य बोलायचं होतं. याने तेच केलं जे मी याच्याकडून करवून घेतलं, एवढंच. पण ते बोललास तर मामाने भाच्याला वापरला असं झालं असतं, म्हणून मूग गिळलेस. पोरांनी त्याच्या ट्रंकेवर खडूने फितूर लिहिलं होतं. ते मी ओल्या फडक्याने पुसलं. तो बघत उभा होता, म्हणाला, राहू दे आई, खरंच आहे ते. आपली आई गेल्यावर मी चौथीत शाळा सोडून तुला वाढवलं, ते या दिवसासाठी?

आता ऐक. परवा फोनवर मी सांगितलं ना, पोरगा सावरला, कामाला लागला, मामाची आठवण काढतो? साफ खोटं. तो मित्रांचे फोन घेत नाही, आणि न्हाणीघराचं दारही लावून घेत नाही. पण तू विश्वास ठेवलास, आणि खुशीत दीक्षांत संचलनाला मला बोलावलंस, नव्या अधिकाऱ्यांच्या आयांच्या रांगेत बस म्हणालास. येणार! तुझी बहीण म्हणून मला फाटकावर कोण अडवतो बघते. एकेका आईजवळ जाऊन विचारणार, तुम्हालाही फोन आला होता का हो, पोरगा कशाला घाबरतो असं विचारणारा? आणि मग त्याचं पुढे काय होतं, तेही सांगणार. त्यानंतर एका आईने जरी तुझ्यापाशी तोंड उघडलं तर मला सांग. तुझी विद्या तिथेच संपली.

मात्र वेढलेल्या शत्रूला पळायला एक वाट ठेवावी, असंही म्हणालास तू त्या दिवशी. म्हणून हे पत्र. अजून पोराला मी काही बोललेले नाही, कारण माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल, आई आहे, समजूत घालते. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. घरी ये, त्याच्यासमोर बस आणि सांग, तू फुटला नाहीस, मी तुला फोडायलाच पाठवला होता. मग तेच बोर्डाला लिहून दे, तुझ्या सहीने. संचलन रविवारी आहे. येतोस की नाही ते शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या आत कळव. शुक्रवार गेला की वाटही गेली.

तुझीच, तुला वाढवलेली,
ताई