आमच्याकडे जनरेटर आहे

३ एप्रिल

लेकीचा फोन. वीस तारखेला बाळ घेऊन येतेय, महिनाभर राहणार. म्हटलं ये. मग हळूच म्हणाली, आई, तुझ्याकडे रोज दुपारचा लाइट जातो, बाळाला घामोळं येतं, झोपायला आम्ही काकूकडे जाऊ. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. नात माझी आणि झोपणार जावेच्या पंख्याखाली. म्हटलं काही गरज नाही, आपल्याकडे त्याच्याहून मोठं यंत्र येतंय. विचारते कोणतं. म्हटलं आल्यावर बघशील.

फोन ठेवला आणि विचार करायला बसले, कोणतं.

५ एप्रिल

जनरेटर. डिझेलचा. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातला, भंगारवाल्याकडे पडून होता. इन्व्हर्टर म्हणजे काय, डबा. ह्याने कारखाना चालवलाय. कलिंगड पारखतात तसा बोटाने वाजवून बघितला. आवाज भरीव आला. भंगारवाला म्हणाला, बाई, वाघ आहे वाघ, नुसता झोपलाय.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, चालू करून बघितलास का. म्हटलं, तुम्हाला तरी कुठे चालवून बघून घेतलं होतं. निभावलंच ना.

६ एप्रिल

आला. फाटकातून जाईना. फाटक काढून भिंतीला टेकवलं. आधी माप घे असं सांगितलं होतं म्हणतात हे. मला आठवत नाही. मागच्या अंगणात झोपायच्या खोलीच्या खिडकीखालीच ठेवला. जवळ असलेला बरा, वायर कमी लागते.

जाऊ भिंतीवरून डोकावली. ताई, रणगाडा घेतलात का म्हणे. म्हटलं हो, आता कुरापत काढू नकोस.

ठरवलंय, काम होईपर्यंत कोणावर ओरडायचं नाही.

८ एप्रिल

मिस्त्री आला. माणूस बरा, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्या. सायलेन्सरमधून उंदराचं घर निघालं, चिंध्यांचं. त्यात माझ्या हरवलेल्या ब्लाउजच्या कापडासारखा एक तुकडा होता, पण उंदीर बर्फाच्या कारखान्यातला, तेव्हा नसेल. मिस्त्री म्हणाला, डिझेलचा पंप जाम आहे, उद्या खोलतो.

ओरडले, पण थोडंच.

११ एप्रिल

उद्या अजून उजाडला नाही. मीच पाना घेतला. एवढी वर्षं शिलाई मशीन चालवली, दुरुस्तीला कधी बाहेर दिली नाही. इंजिन म्हणजे काय, मोठी मशीन. तेल घाला, दोरा नीट ओवा. सगळं खोललं, चादरीवर ओळीने मांडलं. हे खुर्चीत बसून सांगत होते, हे डावीकडे, ते उजवीकडे. ह्यांना उंटावरून शेळ्या हाकायची हौस. जेवणाची वेळ झाली म्हणून चादर चारी कोपऱ्यांनी उचलून आत ठेवली.

दुपारी परत जोडलं. थोडे नट उरले. कंपनीवाले जास्तीचे घालत असणार.

१४ एप्रिल

मिस्त्री एकदाचा आला. उरलेले नट एका वाटीत गोळा केले. मग सगळं पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. म्हणाला, पाइपात हवा धरलीय, आधी ती काढायची. हा नट सैल करा, पंप दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मगच हँडल मारा. मी थांबले. बराच वेळ थांबले. बुडबुड्यांनाही काही काळवेळ असावा की नाही. ह्यांना म्हटलं, मारा हँडल.

हँडल उलटं आलं. ह्यांचं मनगट सुजलं, पट्टी बांधावी लागली. सोडा म्हटलं होतं मी, सोडलंच नाही. लग्न झाल्यापासून ऐकायची सवय नाही.

१६ एप्रिल

चालू झाला. मी स्वतः हँडल मारलं, दोन्ही हातांनी, अंगातली सगळी ताकद लावून. काय आवाज. अख्ख्या गल्लीला कळलं. नळी सायलेन्सरची, पण धूर तिथून न येता पुढच्या हवेच्या डब्यातून भसाभस येत होता. मला वाटलं तशीच पद्धत असेल. मिस्त्री पळत आला, म्हणाला, बाई, उलटं फिरतंय इंजिन. श्वास घ्यायच्या जागी धूर सोडतंय आणि धूर सोडायच्या जागी श्वास घेतंय. म्हटलं फिरतंय ना. म्हणाला, बाई, अशाने करंट नाही येणार, इंजिनच जाईल. डिझेल बंद केलं त्याने. हँडल अर्धवट मारलं की असं होतं म्हणे. अर्धवट हा शब्द त्याने मला बघून वापरला.

जावेचे वाळत घातलेले पांढरे पडदे राखाडी झाले.  ती पडद्यांकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. राखाडी तिच्या खोलीला जास्त शोभतो.

१८ एप्रिल

आज सरळ चालू झाला. मिस्त्रीने बोर्डावर मोठा खटका बसवून दिला. वर केला की लाइट कंपनीचा, खाली केला की माझा. जाताना सांगून गेला, वेगाच्या ह्या दांडीला हात लावू नका, मी बेतून ठेवलीय.

तो गेल्यावर बल्ब जरा मंद वाटला. मंद आचेवर काय शिजतं. दांडी थोडी पुढे केली. बल्ब असा पेटला, असा पेटला की गेला. पंखा घरातून उडून जाईल असं वाटलं. टीव्हीतून वास आला. टीव्ही गेला. जुनाच होता, ह्यांचे डोळे पण खराब होत होते.

मिस्त्रीला पुन्हा बोलावून दांडी तारेने बांधून घेतली.

२० एप्रिल

लेक आली, नात आली. काय गोड आहे. माझंच नाक. मी म्हटलं, आता लाइट गेला की बघा गंमत.

गेला नाही.

२२ एप्रिल

नाही गेला.

इतकी वर्षं ह्या लोकांना शिव्या दिल्या तर रोज जायचा. आता घरात पाहुणी आहे, यंत्र तयार आहे, डिझेल भरून ठेवलंय, तर एक मिनिट जात नाही. लेक आज दुपारी बॅग बघत बसली होती. म्हणाली, काकू म्हणत होत्या, खिडकीखालचं ते धूड सुरू झालं तर बाळ दचकेल, त्यापेक्षा इकडेच ये. म्हटलं, काकूचं काय ऐकतेस, तिने कधी यंत्र बघितलंय का.

वीज ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, बोला, तक्रार काय. म्हटलं लाइट जात नाही.  मग म्हणाला, बाई, ही तक्रार नाही. म्हटलं मग काय आहे. म्हणाला, महिन्याच्या सुरुवातीलाच नवा ट्रान्सफॉर्मर बसवलाय, आता नाही जाणार. ठेवला फोन मी. कामं करायची नाहीत आणि वर तोंड करून सांगायचं.

२४ एप्रिल

आज निकाल लावायचा ठरवलं. नुसता खटका खाली केला असता तर लेक म्हणाली असती, लाइट असताना कशाला. म्हणून दुपारी बाळ झोपल्यावर गुपचूप बाहेर गेले आणि मीटरजवळचा फ्यूज ओढला. जुना, चिनी मातीचा, घट्ट बसलेला. सावकाश हलवत काढायचा असतो हे मला माहीत आहे. पण उभं कोण राहणार उन्हात. हिसडा दिला. अर्धा हातात आला, अर्धा आतच राहिला.

घरात ओरडले, गेला बाई लाइट. लेक म्हणाली, आई, काकूकडे पंखा चालू आहे. म्हटलं इन्व्हर्टर. म्हणाली, समोरच्या दुकानातला फ्रीजसुद्धा. म्हटलं, तू बाळाकडे बघ.

ह्यांचा हात पट्टीत. माझ्या खांद्यात हिसड्याची कळ. शेवटी भिंतीवरून दिराला हाक मारली. भला माणूस, बनियनवरच आला, दोन झटक्यांत जनरेटर चालू करून दिला. पंखा फिरला. मी म्हटलं बघा.

एवढंच म्हणता आलं. नात दचकून उठली आणि असं रडली की आवाजच निघेना, लालची निळी झाली. खिडकीतून धूर सगळा आत. लेकीने तिला पदराखाली घेतलं, एका हाताने बॅग उचलली आणि चप्पल न घालता निघाली. दारातून म्हणाली, आई, तुला ती झोपायला हवी होती की काकू हरायला. तिच्या मागून हे गेले. म्हणाले, मी नुसतं बघून येतो. आले नाहीत.

वायरमनला फोन केला. फ्यूजचं सबंध खोकं बदलावं लागेल म्हणाला. आणि मग म्हणाला, उद्या.

अख्ख्या गल्लीत लाइट आहे. आमच्याकडे जनरेटर आहे. बंद केला तर गरम होतं, चालू ठेवला तर नात येत नाही.

२५ एप्रिल

काल डिझेल संपेपर्यंत एकटीच बसले पंख्याखाली. वारा चांगला होता, सगळा माझ्याच वाट्याला. मग संपलं. वायरमन आजही नाही. दुपारी उशी घेऊन भिंतीपलीकडे आले. बाळाचं दुपटं राहिलं होतं, ते द्यायला. उशी सहज.

जाऊ म्हणाली, या ताई, तुमचं अंथरूण कालच घालून ठेवलंय, बाळाशेजारी. त्यात टोमणा होता का, बराच वेळ शोधला. सापडला नाही. मुद्दाम लपवला असणार.

नातीने माझा हात हुंगला, नाक मुरडलं. डिझेलचा वास. साबणाने धुतला, पुन्हा धुतला, तेव्हा कुठे बोट धरलं. आता झोपलीय. बोट सोडवता येत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहितेय.

कोपऱ्यात तो इन्व्हर्टर दिसतोय. जावेला विचारलं, हा चालू आहे का. म्हणाली, नाही हो ताई, लाइट कुठे जातो हल्ली, महिनाभर नुसताच पडून आहे.