खुणेचे मासे

४ जानेवारी
महागावहून रिक्षाने तलावावर पोचले. काय पाणी आहे! काठावर राहणाऱ्या मानीबाईंनी घरातली मागची खोली दिली, वर गरम भाकरी आणि झुणका. घरातली पहिली पदवीधर मीच. बाबा गावभर सांगतात, पोरगी तलावातले मासे मोजते. मच्छीमार संस्थेने किती धरायचे आणि किती राखायचे, हे मी सांगायचं. डोंगा, म्हणजे इथली छोटी होडी, चालवणारे बबनराव हसले : मॅडम, मंग आभायातले पाखरंही मोजून टाका!

८ जानेवारी
दोनशे मासे धरले. प्रत्येकाच्या पराला छोटा त्रिकोण कापून खूण केली आणि सोडून दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा जाळं. खुणेचे जितके जास्त सापडतील, तितके तलावात एकूण मासे कमी. दुसऱ्यांदा सापडलेले चिरून वय आणि अंडी पाहायची. मानीबाई म्हणाल्या, एकदा सोडलेल्याले इथं पुन्हा धरत नाही, बाई. धरलं, तर पाणीही मंग आपल्याले तसंच करते. प्रथा म्हणून टिपून ठेवलं.

२३ जानेवारी
जाळ्यात सव्वाशे मासे. एकशे वीस खुणेचे. म्हणजे तलावात जेमतेम दोनशे उरले होते. संस्थेच्या चाळीस घरांनी खायचं काय? बबनरावांनी विळीला हात लावला नाही. मीच चिरले. काहीतरी चुकलं असेल. पुन्हा जाळं टाकायला हवं.

२५ जानेवारी
डोंगा उलटला. भर दुपारी, वारा नसताना. खाली कशानेतरी आम्हा दोघांना घट्ट धरलं, मग सोडलं. काठावर बबनराव म्हणाले, गुदगुल्या करून राह्यलं होतं थे. हसलो.
मग त्यांचा कान पाहिला. पाळीला छोटा त्रिकोण. रक्त नाही.
माझ्याही.

२८ जानेवारी
बबनराव पाण्यात जाईनात. मी समजावलं, मासा चावला असेल. एकच जाळं, नाहीतर अहवाल अर्धा राहील. म्हणाले, तुम्ही शिकल्या-सवरल्या हात, म्हून जातो.

२९ जानेवारी
बबनराव काठावर सापडले. गळ्यापासून बेंबीपर्यंत चिरलेले. एका रेषेत, मी चिरते तसे. वय पाहायला मी खवले काढते. त्यांची नखं दगडावर ओळीने —
मानीबाई माझ्याकडे बघत नाहीत.

३० जानेवारी
उमरखेडची बस. तलाव दिसेनासा झाला. आता पाण्याला हातही लावणार नाही.

हातावर चौकोन उमटलेत. जाळ्याचे. गळ्यावरही. शेजारची बाई विचारते, काहून गळा चोळून राह्यली, पोरी? काय सांगू — बबनरावांना मीच पाठव —

आवळतंय. मागे, तलावाकडे ओढ — बस पुढे जातेय आणि मी —