मागच्या खोलीतला उंबर आणि इतर मिळकत

मी, नरहर गोविंद परतूरकर, वय एकाहत्तर, राहणार जुना जालना, सरकारी नोकरीतून निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल माझी पत्नी सौ. रजनी हिचे मत निराळे आहे. पण तिची हरकत माझ्या फोटोग्राफीपुरती आहे, व्यवहाराला ती लागू नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा. मी रोलच्या कॅमेऱ्याने ओस जागांचे फोटो काढतो. माणसांनी सोडलेल्या इमारतींत झाडेझुडपे कशी शिरतात, हा माझा विषय. नोकरीत इमारतींचे नकाशे काढले आणि सुट्टीच्या दिवशी कापसाच्या बंद जिनिंग गिरणीच्या पत्र्यातून डोके काढणारा पिंपळ टिपला. नातेवाइकांनी एकदा लग्नाचे फोटो काढायला बोलावले. अल्बमात नवरा-नवरीपेक्षा मंगल कार्यालयाच्या भिंतीतले गवत जास्त आले. पुन्हा कोणी बोलावले नाही.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी रजनी हिला. यावर कोणी तोंड उघडू नये.

कलम २. चि. पार्थ याने मला भेट दिलेला डिजिटल कॅमेरा खोक्यासकट त्यालाच परत द्यावा. खोके उघडलेले नाही. "बाबा, यात फोटो लगेच दिसतो," असे तो म्हणाला होता. मला लगेच पाहायचा नव्हता. रोल धुऊन वाळेपर्यंत माणसाला आशा तरी असते. पार्थवर राग नाही; त्याने प्रेमाने आणला, मी जपून कपाटात ठेवला.

कलम ३. माझा कॅमेरा, स्टँड आणि सगळ्या निगेटिव्ह कन्या चिन्मयी हिला. लहानपणी ती माझ्याबरोबर येई आणि फोटो होईपर्यंत शेळ्या हाकलून लावी. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये कोथिंबिरीखाली आहेत. कोथिंबीर रजनीची.

कलम ४. कुंभार पिंपळगावचे रामकिसन यांच्याबद्दल मनात बरेच साचले आहे. त्यांच्या गावाबाहेर गुरांचा जुना, बंद दवाखाना होता. त्यावर गुळवेल चढत होती. दर दिवाळीनंतर त्याच दगडावर उभा राहून मी त्याचा एक फोटो काढत असे. दार तेवढे उघडे राहिले होते, यंदा तेही झाकले जाणार, म्हणून मी रामकिसनना फोन करून आगाऊ कळवले. तिथेच चुकले. जाऊन पाहतो तर वेल नाही, बाभूळ नाही, भिंतींना चुना, दारात रांगोळी आणि पाऊण गाव धुतलेल्या टोप्या घालून रांगेत उभे.

"साहेब, तुमी दरसाल येता अन् काट्यांत उभे राहता," रामकिसन म्हणाले. "मंग आम्ही म्हणलं, औंदा जागा बराबर साफ करून ठेवू. बिलकुल चकाचक केलीय बघा."

मी कॅमेऱ्याचे झाकण काढले आणि परत लावले. मी भारावलो असे समजून त्यांनी शाल पांघरली, नारळ दिला. त्यांच्या आई गोजरबाई यांनी वाटेत खायला धपाटे बांधून दिले. मी मुकाट्याने फोटो काढला. तो मोठा करून, चौकट बसवून रामकिसनना द्यावा. माझा राग अजून उतरलेला नाही. धपाटे उत्तम होते, हेही नोंदवतो.

कलम ५. घराची मागची खोली ही माझी डार्करूम. तिच्या भिंतीत उंबर उगवला आणि मी तो उपटू दिला नाही. आता भिंतीला एवढी फट पडली आहे की डार्करूममध्ये बसून पेपर वाचता येतो. त्यामुळे रोलला उजेड लागू नये म्हणून मी गोधडीखाली बसून तो धुण्याच्या डब्यात भरतो. शेजारचे राधेश्याम यांनी मला तसे खिडकीतून पाहिले आणि वाफ घेतोय असे समजून काढा पाठवला. समजावून सांगण्यापेक्षा काढा पिणे सोपे होते.

माझ्यामागे ही खोली उंबराला द्यायची होती. "काका, झाडाच्या नावावर न्हाई करता येत," असे वकील वंदनाताईंनी सांगितले. म्हणून मसुदा असा केला: खोली रजनीची, परंतु तिथे कोणी झाडू नये, काही उपटू नये, भिंत लिंपू नये. चिन्मयीने दरवर्षी येऊन एक फोटो काढावा, खोली दिसेनाशी होईपर्यंत. जन्मभर दुसऱ्यांच्या सोडलेल्या जागा पाहिल्या, त्याही अर्ध्यातून. एक तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपली जावी, अशी माझी फार इच्छा होती.

काल हा मसुदा रजनीला वाचून दाखवला. ती गवार मोडत होती.

"हे काय लिहून राह्यले तुम्ही? आज खोली सोडायची. उद्या मूळ स्वैपाकघरात आलं, मंग?"

"तेही सोडायचं. हळूहळू."

"अन् मी कुठं जाऊ?"

मी मसुद्याचे पान उलटून पाहिले. तिने गवारीचे ताट बाजूला ठेवले.

"तुम्ही गेले म्हणजे घर ओस पडलं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी हाये ना इथं."

मी ताट ओढून घेतले. गवार मोडू लागलो. ती मला जमत नाही, तेव्हा तिने ताट परत घेतले.

कलम ५, दुरुस्त. मागची खोली रजनीची, विनाअट. उंबर ठेवायचा की तोडायचा, भिंत लिंपायची की नाही, हे तिने ठरवावे. चिन्मयीने मात्र दरवर्षी येऊन एक फोटो काढावा आणि त्यात रजनी असावी. ती केर काढत असेल तर तिला थांबवू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, आणि या आधीचा मसुदा रद्द समजावा.

सही: नरहर गोविंद परतूरकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही केली:
१. राधेश्याम, शेजारी
२. ॲड. वंदना सोळुंके

ठिकाण: जुना जालना
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४