तळ्याचा नवा भाग

बसवनगुडी, बेंगळुरू
२ जून २०२५

श्रीमती कौशल्याबाई विहीणबाई यांना वासंतीचा सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती समोरची गंगव्वा, वाटीभर कोसंबरी, म्हणजे इकडची डाळीची कोशिंबीर, घेऊन. बोलावलं कुणी नव्हतं, पण आमच्या घरात काही बिघडलं की तिला भिंतीतून कळतं. मागोमाग शेजारचे भीमसेन अण्णा. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी वायर दिसली की हात शिवशिवतात. त्यांनी आल्या आल्या प्लग काढला आणि परत घातला. शेवटी वरच्या मजल्यावरची भाडेकरू स्मिता आली, पुण्याची, कंप्युटरवाली. तिने अण्णांना गोड बोलून लांब बसवलं.

बिघडलं काय, तर सिद्धीचं आणि माझं गेम. तुम्हाला माहीतच आहे, आमचा अभिजीत आणि तुमची भार्गवी वेगळे झाले तेव्हा वकिलांनी दोन्ही घरांचे एकमेकांना फोन बंद केले. नातीला भेटायला मला राहिला तो रविवारचा अर्धा तास, चार ते साडेचार, तोही गेममध्ये. टीव्हीला जोडायचं एक मशीन तुमच्याकडे, एक आमच्याकडे. त्यात बोलता येत नाही, पण सिद्धीने नुसत्या उड्या मारून मारून मला सगळं शिकवलं. मी चौथी नापास बाई, आता बेडकाची टोपी घालून कोबी काढते, मासे धरते! दोघींनी मिळून घर बांधलं. हसू नका, पण अख्खा आठवडा मी त्या अर्ध्या तासाच्या आनंदात असते.

तर तिच्या वाढदिवसाला तिने गेममधला तळ्याचा नवा भाग विकत घेतला. आता ती खेळते ते गेम वेगळं झालं. माझ्याकडे तो भाग नसला तर मला तिच्याजवळ जाता येत नाही. अभिजीतने त्याच दिवशी माझ्यासाठीही घेतला. पण हे मशीन! भाग उतरवताना नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत येतं आणि थांबतं. कधी पूर्ण झालं म्हणतं, आणि उघडायला गेलं की तळ्यावर कुलूप. विकत घेतलं म्हणून आभार मानतं आणि वर कुलूप लावतं. कंपनीच्या मुलीने फोनवर सांगितलं, काढा आणि परत घाला. पाच वेळा काढलं, पाच वेळा घातलं. आता म्हणते, पुष्कळ लोकांची तक्रार आहे, आम्ही बघतोय, थांबा. स्मिता म्हणाली, लाखो लोक इंटरनेटवर शिव्या देतायत. मी म्हटलं, त्या लाखांना बाकीचे वार आहेत, मला एकच आहे.

चार रविवार गेले. चार वाजले की सिद्धीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. म्हणजे पोर आत बसलेली आहे. साडेचारला विझतो. मी इथे बसून ठिपका बघते.

तिला एवढं सांगा, आजी रुसली नाही, मशीन रुसलंय. चुकलेलं लाल शाईने सुधारून घ्या, तुम्ही मास्तरीणबाई. लोभ आहेच, तो कोर्टाला न विचारता वाढू द्यावा.

तुमची,
वासंती


नागपूर
१० जून २०२५

सौ. वासंतीताईंस, कौशल्याचा स. न.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. दुसऱ्या दिवशी चारच्या आधी मी ते सिद्धीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि विचारलं की, गेम तेच, भाग तोच, मग माझ्याकडे चालतो आणि आजीकडे कसा नाही?

तिने तळ्याकाठी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. महिनाभर त्या तशाच होत्या. रविवारी दहा मिनिटं थांबून तिने एक खुर्ची उचलून टाकली आणि मशीन बंद केलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे भार्गवीने दारातून पाहिलं. तुमचं पत्र मी तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं आणि म्हणाली की, त्या घरची माणसं यंत्रातसुद्धा वेळ पाळत नाहीत. मी तुमची बाजू घेतली, पण ताई, पाच रविवार माझ्याही डोळ्यांसमोर गेले होते, त्यामुळे आवाज चढला नाही. काल, सोमवारी, तिने मशीन ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलाला देऊन टाकलं. सिद्धीचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं आहे, रविवारी चारचंच. वकिलांनाही कळवलं की ठरलेली वेळ तुमच्याकडून वापरली गेली नाही.

कुलूप लावलं कुणी आणि शिक्षा कुणाला, हे मला समजतं. ते कुणापुढे मांडायचं, ते समजत नाही. आता नवीन काही बसवण्याच्या खटाटोपात पडू नका. लोभ राहू द्या म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

कौशल्या


बसवनगुडी, बेंगळुरू
११ जून २०२५

कौशल्याबाईंना वासंतीचा सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर अजून आलं नाही, वाटेत असेल. पण मला धीर कुठला! तळं उघडलं!

चोर स्मितानेच धरला. आमची गेमची तबकडी अभिजीतने ऑफिसच्या दौऱ्यावर असताना सिंगापूरहून आणलेली, आणि नवा भाग घेतला तो इथल्या दुकानातला. नाव एक, चित्र एक, पण तिकडचं गेम इकडच्या भागाला ओळखच देत नाही. महिनाभर त्या कंपनीच्या मुलीने काढायला लावलं, घालायला लावलं, पण तबकडी कुठली हे एकदा विचारलं नाही. भीमसेन अण्णा म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून संशय होता. गंगव्वाने त्यांना कन्नडमध्ये असं काही सुनावलं की ते मी कागदावर घालत नाही.

उपाय एकच निघाला. गेम इथलं नवं घ्यायचं आणि जुनं पुसायचं. जुन्यातलं घर नव्यात येत नाही. स्मिताने तीनदा विचारलं, आजी, नक्की? सिद्धीने त्या घरात चार खाटा मांडल्या होत्या, आई, बाबा, ती आणि मी. मी म्हटलं, खाटा परत होतील, पोर तळ्याशी एकटी बसली आहे. माझ्या अंगठ्याने पुसलं.

अभिजीत संध्याकाळी आला, टीव्हीकडे बघून विचारलं, घर कुठं गेलं? सांगितलं. चहा तसाच ठेवून आत गेला. तो ते घर बघायला येऊन बसायचा, हे मला तेव्हा कळलं.

असू दे. मी दोन दिवसांत तळ्यातला मासा धरायला शिकले. परवाच्या रविवारी ठिपका दहाच मिनिटं दिसला, तुमच्याकडे लाईट गेली असणार. सिद्धीला आधी काही सांगू नका हं. मला तिला चकित करायचंय. बेडकाची टोपी घातलीच आहे, लांबूनही ओळखेल. भार्गवीला आशीर्वाद, तिने घेतले तर. माया आहे तेवढी राखा, उरलेली मी बघते.

तुमची,
वासंती

ता. क. मंडळी आत्ताच उठली. स्मिता, गंगव्वा, अण्णा, तिघंही सिद्धीला बघायला परत येतो म्हणालीत, रविवारी, साडेतीनलाच.